पाचवा अतिचार

वहीतील शिल्लक जुळली म्हणजे व्यवहार शुद्ध असतोच असे नाही. रक्कम कोणत्या मार्गाने आली, हेही पाहावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवरील एका कापडव्यापारी घराला ही जुनी शिकवण एका कुत्र्याने पुन्हा दिली.

नातीने लातूरकडून कारवानी जातीचे पिल्लू आणले, तेव्हा आजोबा नाराज झाले. लांब पाय, निमुळते तोंड आणि खोल छातीचा हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या सशाच्या शिकारीसाठी पोसला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तशी शिकार गुन्हा ठरली. पण रक्तातला वेग कायद्याने कसा जाणार? ‘‘शिकारी प्राण्याचे आपल्या घरात काय काम?’’ आजोबांनी विचारले. ‘‘तो धावेल, आजोबा. मारणार मात्र नाही,’’ नात म्हणाली.

तिच्या मनात अ‍ॅजिलिटीची स्पर्धा होती. घोड्यांच्या अडथळा-उड्यांवरून सुचलेला हा खेळ लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात १९७८ साली प्रथम सादर झाला. उडीचे दांडे, बोगदा, झुलती फळी, ओळीने रोवलेल्या काठ्या असे अडथळे परीक्षक मांडतो. कुत्र्याने ते ठरलेल्या क्रमाने आणि वेळेत पार करायचे. त्याला साखळी नसते. सोबत धावणाऱ्या माणसाच्या हातात खाऊ चालत नाही. आवाज आणि खूण एवढेच त्याचे बळ. दांडा पडला किंवा अडथळा नाकारला, तर दोष धरला जातो. तिसऱ्या नकाराला जोडी बाद होते.

आजोबांनी हे शांतपणे ऐकले आणि तत्त्वार्थसूत्रातील अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मोजायला घेतले : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. साखळी नाही, म्हणजे बंध नाही. छडीला नातीने हात लावला नव्हता. कान-शेपटी कापण्याचा प्रश्नच नव्हता. कोवळ्या सांध्यांवर भार पडू नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत दीड वर्षाखालील कुत्र्याला स्पर्धेत प्रवेशच नाही. चार अतिचार टळले.

अडले ते पाचव्यावर. सरावापूर्वी कुत्र्याला उपाशी ठेवावे, म्हणजे तुकड्यासाठी तो हवे ते करील, असा सल्ला एका जाणकाराने दिला होता आणि नात तो पाळत होती. आजोबा एवढेच म्हणाले, ‘‘बेटा, भुकेने मिळवलेली आज्ञा ही आज्ञा नव्हे. ती उधारी आहे.’’

दुसऱ्या दिवसापासून पवनला सकाळी दूध-भाकरी मिळू लागली आणि सराव बिघडला. मेंढ्या राखणारे कुत्रे धन्याच्या तोंडाकडे पाहून काम करतात. कारवानीची नजर क्षितिजावर. दूरचे हलते काही दिसले की तो स्वतःच निर्णय घेतो. पोट भरलेला पवन अडथळे सोडून कडुनिंबावरच्या खारीमागे धावे. स्पर्धा सहा आठवड्यांवर आली होती.

तोड दुकानातच सापडली. गुमास्ता कापडाचे कातरण ओढून नेत असता पवनने त्यावर झेप घेतली, चिंधी पकडली आणि शेपटी हलवीत नातीसमोर टाकली. त्याला पाठलागाची ओढ होती. तो पाठलाग सशाचाच असायला हवा, असा त्याचा हट्ट नव्हता. मग दोन अडथळे पार केले की दोरीला बांधलेली चिंधी पळू लागे. आठवड्याभरात पवन नातीच्या हाताकडे पाहू लागला.

पुण्याच्या स्पर्धेत अर्धी धाव निर्दोष झाली. इतक्यात मैदानात एक साळुंकी उतरली. पवन झुलत्या फळीपाशी थबकला. मान ताठ, एक पाय वर. नकाराचा दोष लागला. घड्याळ पळत होते. नात ओरडली नाही. तिने हळूच एकदा त्याचे नाव घेतले. काही क्षण गेले आणि पवन वळला. उरलेले अडथळे त्याने बिनचूक पार केले, पण वेळ ओलांडली होती. बक्षीस दुसऱ्याच जोडीला मिळाले. साळुंकी गवतात दाणे टिपत राहिली.

रात्री नातीने फोनवर सारे सांगितले. आजोबांनी क्रमांक विचारला नाही. विचारले ते इतकेच : ‘‘सकाळी त्याला खायला दिले होतेस ना?’’

‘‘दिले होते, आजोबा. रोजच्यासारखेच.’’

‘‘मग हिशेब चोख आहे,’’ ते म्हणाले.