टोचते, त्याला काय करू

बारामतीच्या प्रदर्शनात आज पुन्हा तोच प्रश्न. "मावशी, ही घोंगडी टोचत नाही का हो?" टोचते. दख्खनी मेंढीची लोकर आहे, मखमल नव्हे. वरून चिंचोक्याची खळ कुंच्याने चोपडलेली, म्हणून नवी असताना अंगाला चरचरते. वापरता वापरता मऊ पडते. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, त्या मानाने मऊ. पण तिचा भाव ऐकला की माणूस शेजारच्या स्टॉलवर लोणची बघायला जातो.

इंदापूरकडचं गिऱ्हाईक निराळं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, वाटेत बेलवडीला गोल रिंगण होतं. रस्त्याकडेला घड्या मांडून बसलं की वारकरी भाव विचारायच्या आधी कोपरा चुरगाळून नाकाशी नेतो. मग हक्काची घासाघीस, "माउली, पन्नास कमी करा की!" मेंढपाळ तर काठ उलटून वीणच तपासतो. त्याच्यापुढे लबाडी चालत नाही.

पुण्याला भीमथडी जत्रेत लोक भाव पाडत नाहीत, फोटो काढतात. घेतात ती बहुधा भिंतीवर टांगायला, नाहीतर योगासनांना. घेईनात का! पण यंत्रावरचं मिश्र धाग्याचं कांबळं कुणी 'अस्सल घोंगडी' म्हणून खपवलं की डोकं फिरतं. उद्यापासून गल्ल्याशेजारी कच्ची लोकर आणि मूठभर चिंचोके ठेवणार आहे. लावू देत लोकांना हात.