मुंबई की सुरत? चला, डहाणूत फैसला!

कुठल्याही ऑफिसात एक मुंबईकर आणि एक सुरती एकाच टीममध्ये टाका. पहिला आठवडा डेडलाइनवर बोलतील, दुसऱ्या आठवड्यात खाण्यावरून भांडतील. गॅरंटी! सुरतीकडे हुकमाचं पान तयारच असतं : 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण'. जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत. यात मुंबईचं नावही नाही, आणि तिथेच मुंबईकराची सटकते.

मग तो काढतो आपले इराणी. धोबीतलावचं १९०४ सालचं 'कयानी', तिथला मावा केक. बॅलार्ड इस्टेटचं १९२३ सालचं 'ब्रिटानिया' आणि त्याचा बेरी पुलाव. सुरती गालात हसतो. ''१९०४? बस? आमची 'दोतीवाला' बेकरी १८६१ची!'' डचांची भट्टी पारशी कामगाराच्या हाती कशी आली आणि तिथून नानखटाई कशी निघाली, ही स्टोरी तो रंगवून सांगतो. वर लोचो आहेच. खमण बिघडलं आणि लोचो झाला, असं म्हणतात. आपल्याकडे लोचा झाला की आपण कपाळाला हात लावतो, सुरती त्यावर तेल, शेव आणि कांदा घालून प्लेट पुढे करतो! थंडीत पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, सोबत लिंबू-मिरीची शेव. मुंबईकर क्षणभर गप्प.

आता या मॅचला अंपायर हवा ना? तो आहे डहाणू. दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर, समुद्राकाठी. एप्रिल २०१३ पासून तर मुंबईची लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येते. म्हणजे वीकएण्डला बहाणा नको.

इथे आलं की भांडणाची हवाच निघते. कारण साधं आहे. परंपरेनुसार इराणहून आलेले पारशी उतरले ते संजाणला, इथून जेमतेम हद्दीपलीकडे. पवित्र इराणशाह अग्नी काही काळ बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरात लपवला होता, असंही ते सांगतात. आज तो उदवाड्याला आहे. पुढे हीच मंडळी नवसारी, सुरत करत मुंबईला गेली. म्हणजे ज्या धानसाकवरून तुम्ही हमरीतुमरीवर येताय, त्याचा रस्ता या किनाऱ्यावरूनच गेलाय, बॉस! नंतर आलेल्या इराण्यांनी घोलवड-बोर्डीत चिकूच्या वाड्या फुलवल्या. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तलासरीच्या बाजूला हायवेवर 'पारशी दा ढाबा'. नावातच पंजाब आणि पारस एका ताटात!

मासळीतही तोच सामना. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, त्याच वर्षी गुजरातने घोळ निवडला. इथल्या कोळ्यांच्या जाळ्यात दोन्ही येतात. समुद्रात कुठली आलीय राज्याची हद्द!

आणि दोन्ही शहरं ज्याचं नावच घेत नाहीत, ते ताट वारली पाड्यांवर. नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी, पावसाळ्यातल्या रानभाज्या, ताजी ताडी. या ताटाला ना मेनूकार्ड, ना रेटिंग. पण इथलं मूळचं जेवण हेच.

मजा इथपर्यंत ठीक. पण अंपायरचीच विकेट जायची वेळ आली तर? १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. म्हणून तर इथे अजून वाड्या दिसतात. आता याच तालुक्यात वाढवण बंदर उभं राहणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं, खर्च सुमारे ७६ हजार कोटी. समर्थक रोजगाराची आकडेवारी मांडतात. किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करताहेत. मासळीच्या प्रजननाची जागाच गेली तर जाळ्यात काय येणार, हा त्यांचा सवाल. बुलेट ट्रेनही याच पट्ट्यातून जाणार. बोईसरनंतरचं तिचं स्टेशन थेट वापी. मुंबई आणि सुरत आणखी जवळ येतील, डहाणू मात्र खिडकीतून सर्रकन मागे जाईल.

तेव्हा 'बेस्ट कोण' हा वाद खुशाल चालू ठेवा. फक्त पुढची फेरी मधल्या स्टेशनवर उतरून खेळा. ताज्या बोंबलाचं तिखलं पुढ्यात आलं की मुंबईकर आणि सुरती दोघंही एकच भाषा बोलतात. म्हणजे बोलतच नाहीत.

कसं जाल? : मुंबईहून डहाणू रोड लोकल. घोलवड हे पुढचंच स्टेशन. गाडीने आलात तर हायवेवर चारोटी नाक्याला वळा. सुरतेहून येताना आधी तलासरी लागतं. परतताना चिकू घ्यायला विसरू नका. ऑफिसात दोन्ही पार्ट्यांना वाटता येतात!