ठिपके आणि रेघा

धाकट्या चिरंजीवाच्या बीजगणिताच्या वहीतले एक पान मी फाडले, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. समीकरणे सोडवायची सोडून त्याने समासात ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांची झाडे काढून ठेवली होती. मी इंदुरात एका महाविद्यालयात गणित शिकवीत असे; घरच्याच मुलाने वही अशी रंगवावी, हे मला साहवले नाही. तो काही बोलला नाही. पुढे गणिताकडे मात्र तो फिरकला नाही.

निवृत्तीनंतर सवडीने वाचताना कळले, की त्याच सुमारास, १९८४ मध्ये, फ्रान्समध्ये अलेक्झांडर ग्रोथेंडीक अशाच आकृत्यांविषयी लिहीत होते. १९६६ चे फील्ड्स पदक मिळविणारा हा गणिती. आपल्या संस्थेला लष्करी खात्याचा पैसा मिळतो म्हणून १९७० मध्ये तिच्यातून बाहेर पडलेला. या आकृत्यांना त्यांनी नाव दिले ‘मुलांची चित्रे’! गेनाडी बेली या रशियन गणितज्ञाने १९७९ मध्ये सिद्ध केलेल्या एका प्रमेयामुळे त्यांना दिसले, की ठिपक्यारेघांचे असे प्रत्येक चित्र एका बैजिक वक्राशी जोडलेले असते, आणि ज्या वक्राची समीकरणे बैजिक संख्यांनी लिहिता येतात तो प्रत्येक वक्र अशा चित्रातून मिळू शकतो. एवढे खोल सत्य इतक्या थोड्या ओळींत सिद्ध व्हावे, याचे त्यांना फार नवल वाटले.

मला नुसत्या विधानाने चैन पडेना. एक उदाहरण हाताने सोडवावयास घेतले. बहुपदी अशी : क्ष³(क्ष² − २क्ष + अ)². संमिश्र संख्यांच्या प्रतलावर तिची किंमत जेथे शून्य होते तेथे काळा ठिपका द्यावयाचा, दुसऱ्या एका ठरावीक किमतीपाशी पांढरा. आणि जेथे तिची किंमत या दोन किमतींना जोडणाऱ्या रेषाखंडावर पडते, ते बिंदू म्हणजे रेघा. रेघा सातच. काळे ठिपके तीन असावेत, चित्र अखंड राहावे आणि पांढऱ्या ठिपक्यापाशी दोहोंहून अधिक रेघा मिळू नयेत, एवढ्या अटी घातल्या, की ‘अ’ला दोनच किमती उरतात : (३४ ± ६√२१)/७. तीन दुपारी गेल्या. पण उत्तर आले तेव्हा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा आनंद झाला.

उणे चिन्ह घेतले तर झाडाला पाच रेघांची एक लांब फांदी आणि दोन आखूड फुटवे. अधिक घेतले तर तीन-तीन रेघांच्या दोन फांद्या आणि एकच फुटवा. डोळ्यांना दोन्ही झाडे अगदी निराळी. पण बीजगणिताच्या लेखी √२१ आणि −√२१ यांत फरक करण्याजोगे काहीच नाही. एकाच समीकरणाच्या पोटची ही भावंडे.

दोन्ही झाडे काढून, खाली बहुपदी लिहून, कागद बडोद्याला चिरंजीवाकडे पाठवला. फाडलेल्या पानाविषयीही चार ओळी लिहिल्या. त्या तीनदा खोडाव्या लागल्या.

रविवारी त्याचा फोन आला. पानाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. थोडे इकडचे-तिकडचे झाल्यावर म्हणाला, “बाबा, रेघा सात म्हणता ना? दुसऱ्या झाडात एक कमी काढलीत तुम्ही.”

कच्चा कागद माझ्याजवळ होता. चष्मा लावून मोजल्या. सहाच होत्या.