मिठ्ठूचं काय करायचं?

विदेशी पक्ष्यांची नोंद करायची, असा नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आला आणि भोरमधल्या आमच्या घरात धास्ती पसरली. आमच्याकडे कोकाटेलची जोडी आहे. अब्बांनी चौकशी केली. कोकाटेल, बजरीगर यांना नोंदणी लागत नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव पाळणाऱ्यांनी ती ‘परिवेश’ पोर्टलवर करायची. हायसं वाटलं.

पण त्याच चौकशीत कळलं, आमचा मिठ्ठू, अस्सल देशी, तोच बेकायदा! १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानातला पोपट घरात ठेवता येत नाही. मामूंनी वेल्ह्याहून ढोलीतलं पिल्लू आणलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. सकाळी दादींना सलाम करतो, डाळ भिजवायला विसरलो तर घर डोक्यावर घेतो.

पाखराची उचललेली पिल्लं तिला परत करा, असं प्रेषितांनी (स.) सांगितलं, ही हदीस आम्हाला दादींनीच शिकवलेली. मामूंना तेव्हा ती कुणी ऐकवली नाही, दादींनीही नाही.

सोडावा तर त्याला उडताच येत नाही, कावळे जगू देणार नाहीत. वनखात्याकडे द्यायचं ठरलं. दादी काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्याची मिरची त्याच निवडतात, आणि आम्ही दर जुम्याला म्हणतो, पुढच्या आठवड्यात जाऊ.