वेंगुर्ल्याला गेले, कचरा पाहून आले

वेंगुर्ल्याला जाणार म्हटल्यावर घरातून ज्या फर्माइशी आल्या, त्या अपेक्षितच होत्या. सासूबाईंना काजूगर हवे होते, नणंदेला आमसुले आणि सातवीतल्या चिरंजीवांना शंख-शिंपले. "आणि तू तिथं काय पाहणार?" असे सासूबाईंनी विचारले. "कचरा डेपो," मी म्हटले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. माणसे कोकणात समुद्र बघायला जातात आणि आपली सून उकिरडा बघायला निघाली आहे, हे काही त्यांच्या पचनी पडले नाही.

पण वाचकहो, वेंगुर्ल्याची ही खरोखरीची कीर्ती आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नसलेले हे तालुक्याचे गाव. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या बारा हजारांच्या थोडी वर. मुंबईतल्या दोन-तीन मोठ्या वसाहतींत मावतील एवढीच माणसे! तरीही इथे स्वतःची नगर परिषद आहे, आणि या नगर परिषदेचे काम पाहायला बाहेरगावची माणसे येऊन गेली आहेत.

गाव आडवाटेला आहे. मुंबई-गोवा महामार्ग इथून जात नाही, 1998 मध्ये सुरू झालेली कोकण रेल्वेही कुडाळ-सावंतवाडीवरून परस्पर निघून जाते. पण एके काळी परिस्थिती अगदी उलट होती. डचांनी 1637 च्या सुमारास इथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना अन्नपाणी इथून जात असे. पुढे सावंतवाडीकरांकडून 1812 मध्ये हे बंदर इंग्रजांकडे गेले. घाटावरचा, विशेषतः बेळगावकडचा माल आंबोलीमार्गे उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात यायचा. मग 1888 मध्ये मार्मागोव्याची रेल्वे पुरी झाली आणि घाटावरच्या मालाने वाट बदलली. उरली होती ती मुंबईची आगबोट. तीही 1980 च्या दशकात थांबली. बंदरावर उभे राहिले की समोर खडकाळ बेटे दिसतात, त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात आणि परदेशात सूप करण्यासाठी त्या घरट्यांची चोरटी विक्री व्हायची. माणूस काय काय खाईल, सांगता येत नाही.

माझी उतरण्याची सोय एका काकूंच्या घरी झाली होती. चिऱ्यांचे कौलारू घर, पुढे खळे, मागे माड आणि एक जुना हापूस. जानेवारी असल्याने आंबा मोहरला होता. प्रवासात फोडलेल्या वेफर्सची पिशवी आणि केळ्याची साल मी पडवीतल्या बादलीत टाकली आणि तिथेच माझी पहिली परीक्षा झाली.

"अगो, तां थय नको," काकू आतून लगबगीने आल्या. "ओलो वायलो, सुको वायलो." त्यांनी साल काढून दुसऱ्या बादलीत टाकली, वेफर्सची पिशवी झटकली आणि खुंटीला टांगलेल्या पोत्यात कोंबली. पोत्यात दुधाच्या धुतलेल्या पिशव्या होत्या, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे होती. फुटलेल्या बरणीच्या काचा एका डब्यात निराळ्या ठेवल्या होत्या. "गाडयेवाल्याच्या हाताक लागता मा," असे त्यांनी काचेचे कारण सांगितले. मी खजील झाले. माझ्या घरी काच नेहमीच्या कचऱ्यातून जाते आणि ती कोणाच्या हाताला लागते, याचा मी कधी विचार केलेला नव्हता.

ही सवय गावाच्या रक्तात होती असे कोणी समजू नये. काकूंनीच सांगितले की पूर्वी त्याही सगळा कचरा एकत्र बांधून द्यायच्या. गावाचा कचरा डेपोवर जाऊन पडायचा. अशा ठिकाणी जे होते ते सगळे होते: धूर, माश्या, भटकी कुत्री आणि आसपासच्या लोकांच्या शिव्या. 2015 नंतरच्या दोन-तीन वर्षांत हे चित्र पालटले. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी नगर परिषदेकडून जो नियम करून घेतला, तो ऐकायला अगदी साधा आहे: वेगळा केलेला नसेल तर कचरा उचलायचा नाही.

गृहिणींना यातले मर्म लगेच कळेल. भाजीची देठे, माशांची खवले आणि शिळा भात यांत प्लास्टिकची पिशवी मिसळली की दोन्ही वाया जातात. ओल्याचे खत होत नाही आणि बरबटलेली पिशवी भंगारवालाही घेत नाही. मग एकच वाट उरते, नेऊन टाकायचे आणि पेटवून द्यायचे. हेच दोन्ही घरातच निराळे ठेवले तर ओल्याचा गॅस होतो, खत होते. कोरड्याला किलोवर भाव मिळतो. वेंगुर्ल्यात नेमके हे केले गेले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यावर वीज, प्लास्टिकचे बारीक तुकडे करून ते डांबरी रस्त्याच्या कामात, आणि सुका पाला, चुडते, नारळाची सोडणे यांच्यापासून जळणाच्या कांड्या. कोकणात पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळका पाला, हीच खरी डोकेदुखी असते. घरटी रोज टोपलीभर निघतो आणि लोक तो पेटवून देतात. त्याचे जळण करून विकायचे, ही कल्पना इथल्या मातीतलीच वाटते.

आणि मग डेपोचे काय झाले? तर तिथे बाग झाली. त्या जागेला 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' असे नाव देण्यात आले आणि पाहायला येणाऱ्यांना तिकीट लावले गेले. कचरा बघायला पैसे मोजायचे! सासूबाईंना हे फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मी सकाळीच गेले. वास येईल म्हणून ओढणी नाकाशी धरून उतरले आणि दोन मिनिटांत ती मुकाट्याने खाली घेतली. झाडे हौसेने लावलेली, वाटा झाडलेल्या. एका शेडमध्ये बायका सुक्या कचऱ्याची निवड करत होत्या. बाटल्यांची झाकणे एकीकडे, पुठ्ठे एकीकडे, चपला एकीकडे. बाजारातून आणलेली पालेभाजी निवडावी तितक्या सहज हात चालत होते. आमच्या गप्पा झाल्या त्या मुलांच्या शाळेवर आणि माझ्या साडीच्या किमतीवर. कामाबद्दल विचारले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "पयले लोक नाक धरून जायत. आता फोटो काढतत." एवढेच बोलून त्यांनी पुढचे पोते ओतले. बाग, वीज, बक्षिसे हे सगळे छापून येते. पण हा सारा डोलारा या बायकांच्या हातांवर उभा आहे, हे तिथे अर्धा तास बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

माझ्या मनात एक शंका होती आणि ती मी गावात बऱ्याच जणांना विचारली. चांगला अधिकारी येतो, काम उभे करतो आणि त्याची बदली होते. कोकरेही पुढे कर्जतला गेले, तिथेही त्यांनी असेच काम केले. मग मागे राहिलेल्या गावाचे काय? एका निवृत्त शिक्षकांनी दिलेले उत्तर मला पटले. ते म्हणाले, "अधिकाऱ्यानं शिस्त लावली. पण रोज सकाळी दारात उभं राहून 'आज काय मिसळलंत?' असं विचारायला माणूस गावातलाच लागतो."

आणि नेमका गावातलाच माणूस चार वर्षे नव्हता. ही गोष्ट फक्त वेंगुर्ल्याची नाही. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या नगर परिषदेची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. पण इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभाग रचनेचा घोळ होता, त्यामुळे राज्यभरच्या निवडणुका लांबत गेल्या. तोवर कारभार प्रशासकांच्या हाती. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि 2 डिसेंबर 2025 रोजी मतदान झाले. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा, तो 21 डिसेंबरपर्यंत पुढे गेला. 19 दिवस पेट्या कुलपात आणि गाव चहाच्या टपरीवर! कोण आले, कोण गेले, यात मी शिरत नाही. तो वेंगुर्लेकरांचा प्रश्न आहे. मी गेले तेव्हा निकाल लागून महिना उलटत होता आणि नव्या नगरसेवकांच्या दारांत अर्ज घेऊन माणसे येऊ लागली होती.

लहान गावात हे अर्ज कशाचे असतात, ते पाहण्यासारखे असते. पुढच्या आळीतली गटाराची फरशी फुटली आहे. नळाला पाणी पहाटे चारला येते, ते सहाला सोडा. रस्त्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे आणि क्लासहून येणाऱ्या मुली अंधारातून चालतात. यांतल्या एकाही कामाला मोठा निधी लागत नाही. लागते ते कोणीतरी ऐकून घेणे. वेंगुर्ला ही 'क' वर्ग नगर परिषद, म्हणजे चाळीस हजारांच्या आतली. इथे नगरसेवक हा बहुधा कोणाचा तरी वर्गमित्र किंवा दूरचा मेहुणा असतो. त्याचे तोटे आहेतच. पण बाजारात गाठून खडसावता येईल असा माणूस असणे, याची किंमत त्या चार वर्षांत लोकांना कळली.

मासळी बाजारात तर ती फारच स्पष्ट शब्दांत ऐकायला मिळाली. संध्याकाळी होड्या लागल्या की बांगडे, पेडवे, तारल्या, एखादी सुरमई घेऊन बायका बसतात. भाव करता करता मी निवडणुकीचे विचारले. बांगड्याचा वाटा लावणाऱ्या मावशींनी कोयता बाजूला ठेवला. "सायबाक सांगूक जाव तर तो मीटिंगेत. आता ह्यो आमच्या वाड्यातलो. काम नाय केल्यान तर तेचे आवशीकडे जातलंय!" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मी बांगडे घेतले. मावशींनी ते माझ्या पिशवीत घालण्याआधी "डबो हाडलंस नाय?" असे विचारून पुन्हा एकदा माझी फजिती केली.

दुसऱ्या दिवशी डच वखार पाहायला गेले. जांभ्याच्या जाड भिंतींची दुमजली वास्तू, पण छप्पर गेलेले, भिंतींवर झाडे उगवलेली. पावणेचारशे वर्षांहून अधिक काळाचा हा साक्षीदार आपल्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहे. माझ्यापुरते सांगायचे, तर कचऱ्याची बाग पाहून आलेल्या माणसाला ही पडझड जास्तच सलते. वखारीकडे रोज सकाळी घंटागाडी येत नाही, म्हणून तिच्यासाठी भांडणारेही कमी.

वेंगुर्ल्यात आणखी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. प्रादेशिक फळ संशोधन केंद्र चुकवू नका. काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती इथल्या, आणि नीलम व हापूस यांच्या संकरातून आलेला 'रत्ना' आंबाही इथलाच. मंगेश पाडगावकरांचा जन्म 1929 मध्ये वेंगुर्ल्याचा, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर तालुक्यातल्या बागलांच्या राईतले, जयवंत दळवी आरवलीचे. आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तिथून जवळच शिरोडे, जिथे मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि जिथल्या शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. एवढ्याशा तालुक्यात एवढे लेखक कसे, असे मी काकूंना विचारले. "पावसात चार म्हयने दुसरां काय करतले?" त्या म्हणाल्या.

जायचे असेल तर कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरा. दोन्हीकडून वेंगुर्ला सुमारे पंचवीस किलोमीटर, एसटी आणि रिक्षा मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशांच्या आशेने जाऊ नका. मुक्कामाला घरगुती सोय मिळाली तर हॉटेल टाळा, आणि सोबत कापडी पिशव्या व एक झाकणाचा डबा जरूर ठेवा. नाहीतर मासळी बाजारात माझ्यासारखे ऐकून घ्यावे लागेल.

निघताना काकूंनी काजूगर वर्तमानपत्रात बांधून वर सुतळी गुंडाळून दिले. घरी आल्यावर सासूबाईंनी पुडी सोडली, काजू चाखून पाहिले आणि सुतळी गुंडाळून खणात ठेवली. "तुझ्या त्या काकू शहाण्या दिसतात," त्या म्हणाल्या. आता आमच्या पडवीत दोन बादल्या आहेत. आमची घंटागाडी मात्र दोन्ही एकाच डब्यात ओतते, आणि त्याबद्दलचा अर्ज सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून आमच्या नगरसेवकाकडे दिला आहे.