रविवारची इडली

माणसाने शक्यतो घरचेच अन्न खावे, असा उपदेश वर्गात करणारे आम्ही दर रविवारी सकाळी आठाच्या सुमारास घरातून हळूच निघतो आणि टिळकवाडीतील एका लहानशा उपाहारगृहात जाऊन बसतो, ही गोष्ट आज विद्यार्थिमित्रांपुढे कबूल करून टाकलेली बरी.

हे उपाहारगृह मोठे नाही. सहा मेजे, भिंतीवर श्रीकृष्णाची तसबीर, दारापाशी गल्ला आणि आत भट्टी, एवढाच त्याचा पसारा. आपण मराठीत मागावे, वाढणाऱ्याने आत वळून 'येरडु इडली, ओंदु वडा' असे कानडीत ओरडावे आणि गल्ल्यावर पुन्हा मराठीत हिशेब व्हावा, हा आपल्या बेळगावचा शिरस्ता येथेही चालतो. केळीच्या पानाच्या तुकड्यावर वाफाळणाऱ्या दोन इडल्या येतात, खोबऱ्याची चटणी येते, वाटीत सांबार येते. शिरा व उप्पीट मागितले तर एकाच बशीत शेजारी शेजारी येतात. या जोडीला बंगळूरकडे 'चौ चौ भात' म्हणतात. भाताचे एक शीतही तिच्यात नसते! शेवटी पेला-वाटीतली फेसाळ कॉफी. हे सारे मागितल्यापासून पाच मिनिटांत पुढे येते. त्यामुळे ते पाच मिनिटांत तयार होते, असा आमचा समज झाला होता. चार वर्षे आम्ही त्या मेजापाशी बसलो, पण आत भट्टीपाशी कोण उभे असते हे पाहण्याची बुद्धी आम्हांस एकदाही झाली नाही.

आता जरा शाळेकडे वळू. इयत्ता ९ वीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा पहिल्या तासाला नेमाने पेंगत असे. आम्ही इतिहास शिकवीत असू आणि याची मान हळूहळू पुस्तकावर उतरत असे. जानेवारीतील एका सकाळी आमचा तोल सुटला. आम्ही त्याला उभे केले आणि म्हणालो, "काय रे, रात्रभर किल्ल्यावर पहारा देत होतास की काय?" सारा वर्ग खो खो हसला. मुलगा काही बोलला नाही. आपण फार मार्मिक बोललो असे त्या क्षणी आम्हांस वाटले, हे सांगताना आज लाज वाटते.

पुढच्याच रविवारी एका पाहुण्यांना पहाटेच्या गाडीवर पोहोचवून आम्ही परत येत होतो. साडेपाच वाजले असावेत. आपल्याकडची जानेवारीतली थंडी. हातपाय गारठले होते. उपाहारगृहाचे दार अर्धे उघडे दिसले आणि आत दिवा होता, म्हणून कॉफी मिळेल या आशेने आम्ही डोकावलो. पाहतो तो आमचा तो विद्यार्थी जमिनीवर बसून नारळ खवीत होता. आम्हांला पाहताच त्याचे हात थांबले आणि मान खाली गेली.

एवढ्यात आतून पंचाने हात पुशीत एक गृहस्थ बाहेर आले. मुलाने त्यांना हलक्या आवाजात काहीतरी सांगितले. त्यांचा चेहरा एकदम उजळला आणि ते म्हणाले, "येयात, सर, बसात!"

आम्ही चमकलो. हे तर आमच्या घरातले शब्द! आमच्या आईने पाहुण्यांना याच शब्दांनी बसावयास सांगितलेले आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते गृहस्थ मूळचे कारवारकडचे. गल्ल्यावर त्यांचे बंधू बसतात, म्हणून ते आम्हांस कधी दिसले नव्हते. सर घरी कोंकणी बोलतात, हे मुलाने त्यांना सांगून ठेवले होते.

त्यांनी आम्हांस आत नेले. तांदूळ आणि उडीद आदल्या दिवशी सकाळी निरनिराळे भिजत घालावयाचे. तीन-चार भाग तांदूळ असेल तर एक भाग उडीद. दुपारी उडीद लोण्यासारखा मऊ आणि तांदूळ किंचित रवाळ वाटावयाचा. मग दोन्ही एकत्र कालवून रात्रभर झाकून ठेवावयाचे. पिठातील सूक्ष्म जंतू रात्रीतून वायू निर्माण करतात, तो पिठात कोंडला जातो आणि पीठ फुगून वर येते. "उन्हाळ्यात भराभर येते, सर. थंडीत मात्र ते आपल्याला वाट पाहायला लावते," ते म्हणाले. "म्हणून या दिवसांत रात्री एकदा उठून भांडे भट्टीजवळ सरकवतो. मदतनीस महिन्याभरासाठी गावी गेलाय. तोवर हा चारला उठून नारळ खवतो, चटणीचे बघतो आणि मग शाळेला येतो."

मग थोडे थांबून ते म्हणाले, "तुमचे फार सांगत असतो. सर मला सांभाळून घेतात म्हणतो."

आम्ही मुलाकडे पाहिले. तो पुन्हा खाली मान घालून नारळ खवू लागला होता. वर्गातला तो प्रसंग त्याने घरी सांगितला नव्हता. बापाला वाईट वाटू नये म्हणून आणि बहुधा आमचीही लाज राहावी म्हणून, त्या पंधरा वर्षांच्या मुलाने आम्हांस खरोखरच सांभाळून घेतले होते.

निघताना आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले, "उद्या वर्गात हे इडलीचे पीठ कसे फुगते ते सांगशील? तुला संकोच वाटत असेल तर नको." तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सांगेन, सर."

सोमवारी पहिल्या तासाला आम्ही प्रथम एवढेच म्हणालो की, त्या दिवशी आम्ही याला जे बोललो ते चुकीचे होते, आणि ज्या वर्गासमोर बोललो त्याच वर्गासमोर ते परत घेत आहोत. मग इडलीचा इतिहास सांगितला. १० व्या शतकातील 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात 'इड्डलिगे' हा शब्द येतो. सुमारे १०२५ च्या 'लोकोपकार' ग्रंथात ताकात भिजविलेल्या उडदाची कृती आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'इड्डरिका' आहे. आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा उल्लेखही त्याच ग्रंथात आहे. म्हणजे आपली ओवी आणि ही इडली नऊशे वर्षांपूर्वीच एका पोथीत शेजारी बसल्या होत्या! मात्र त्या जुन्या कृतींत केवळ उडीदच आहे. तांदूळ आणि पीठ रात्रभर आंबविणे यांचा त्यांत उल्लेख नाही.

त्यानंतर तो मुलगा फळ्यापाशी आला. भिजवणे, वाटणे, आंबवणे हे सारे त्याने नीट क्रमाने समजावून दिले. प्रश्नांना उत्तरे दिली. शेवटी आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, त्या सोमेश्वर राजाच्या काळी पीठ आंबवत नसतील, तर तेव्हाच्या आचाऱ्याच्या मुलाला चारला उठावे लागत नसेल!"

वर्ग पुन्हा खो खो हसला. या वेळी तोही हसत होता.

मदतनीस फेब्रुवारीत परत आला आणि पहिल्या तासाची पेंग थांबली. आम्ही अजूनही दर रविवारी जातो. मात्र बसण्यापूर्वी भट्टीपर्यंत जाऊन, आमच्या आईच्या भाषेत, आज पीठ कसे आले आहे ते विचारतो. आणि वर्गात एखादी मान पुस्तकावर उतरू लागली, तर उभे करण्याआधी तास संपल्यावर त्याला जवळ बोलावून, रात्र कशी गेली ते विचारतो.