मोगऱ्याचा ताण

डिसेंबरअखेर. आमच्या आष्टी तालुक्यातल्या संत्राबागा आंबिया बहारासाठी ताणावर आहेत, पाणी तोडलेलं. तळेगावच्या अंगणातल्या मोगऱ्यालाही मी तोच नियम लावते. आज छाटणी केली. वाळक्या, आत वळलेल्या काड्या बुडातून काढल्या, बाकीच्या गुडघ्याखाली आणल्या. काप डोळ्याच्या जरा वर, तिरपा. हिरव्या फांदीला कात्री लावताना अजूनही जीव तुटतो. पण मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यालाच धरते. आता काही दिवस पाणी बंद, मग शेणखत आणि भरपूर ओल. काळ्या मातीत पाणी साचू द्यायचं नाही, एवढं सांभाळावं लागतं. विदर्भाचं ऊन या झाडाला मानवतं. तुमच्या मोगऱ्याला नुसती पानंच येत असतील, तर थंडी सरायच्या आत छाटा.